जाळी मी काढली

सोमवार, ३ फेब्रुवारी

दैनंदिनी पुन्हा सुरू करीत आहे. निवृत्तीनंतरच्या दीड वर्षात नोंद करण्यासारखे काही घडले नाही, म्हणून बंद होती.

मुलगी शनिवारी तिच्या बालवाडीच्या पायऱ्यांवरून घसरली. उजवा घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. काल तिच्या मुख्याध्यापिका घरी आल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. उंचीने त्या माझ्या खांद्याला लागतात. म्हणाल्या, "सर, बाकीचा वर्ग मी ओढून नेईन. हिचा निसर्गाचा तास तेवढा तुम्ही घ्या. रोज एकच तास."

मी तेहेतीस वर्षे आठवी ते दहावीला विज्ञान शिकवले आहे. पाच वर्षांच्या मुलांचा एक तास म्हणजे काय मोठेसे, असे मी म्हणालो.

मुलगी पलंगावरून म्हणाली, "बाबा, खरंच जमेल?"

"त्यांना काय जमत नाही!" असे ही म्हणाली. ही म्हणजे माझी पत्नी. हा पाठिंबा होता असे मी धरून चालतो.

मुलगी रसायनशास्त्रात विद्यापीठात दुसरी आली होती. तिने बालवाडी का धरली हे मी चार वर्षांत विचारलेले नाही. तिनेही सांगितलेले नाही. त्यामुळे या विषयावर घरात वाद नाहीत.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

वर्गात तेवीस मुले. खुर्चीची उंची अठ्ठावीस सेंटिमीटर (मोजली). बसता येते. उठणे हा स्वतंत्र विषय आहे.

नावे पाठ करण्यात वेळ घालवायचा नाही असे ठरवून मी हजेरीचे क्रमांक वापरतो. हायस्कूलमध्येही तसेच करीत असे.

खिडकीखाली मुलीचे टेबल आहे. त्यावर ओल्या कापसातले दाणे, पिसे, लोहचुंबक, पाण्याचे घमेले, दोरीने बांधलेले भिंग, आणि एका कुंडीत लिंबाचे रोप. रोपावर जाळी घातलेली आहे. जाळीत दोन अळ्या. दिसायला पाखराच्या विष्ठेसारख्या.

मुलीने सूचनांची वही दिली आहे. पहिली सूचना: 'उत्तर सांगू नका. तुला काय दिसतंय, एवढंच विचारा.' उत्तर सांगायचे नाही तर शिक्षकाने पगार कशाचा घ्यायचा, हे वहीत नाही. दुसरी सूचना: 'जाळी काढू नका.' कारण दिलेले नाही. उरलेल्या सूचना नाके पुसण्याविषयी आहेत.

आजचा विषय, पदार्थाच्या तीन अवस्था. फळ्यावर तक्ता काढला. चौथ्या मिनिटाला क्रमांक १२ रडू लागला. कारण विचारले तर "आई" म्हणाला. हे विषयाला धरून नव्हते. सातव्या मिनिटाला नऊ मुले रडत होती. त्यांतल्या काहींना मी कारण विचारले तर त्यांनी क्रमांक १२ कडे बोट दाखवले.

वर्गात मदतीला एक मावशी असतात. त्या म्हणाल्या, "सर, आधी उचलायचं, मग विचारायचं."

मी उचलले नाही. मग क्रमांक १२ ने माझ्या शर्टाचे टोक मुठीत धरले आणि तास संपेपर्यंत सोडले नाही. तक्ता अर्धा राहिला. घरी आल्यावर हिने विचारले, शर्टाला काय झालं? पदार्थाच्या अवस्था, असे सांगितले.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

लोहचुंबक. व्याख्येने सुरुवात करणार होतो, पण मी खडू घेईपर्यंत क्रमांक ७ (मुलगी, समोरचा दात हलतो) चुंबक घेऊन वर्गभर फिरून आली होती. खिडकीचा गज चिकटतो. पाटी चिकटत नाही. मावशींची बांगडी चिकटत नाही. शेवटी तिने तो माझ्या पट्ट्याच्या बकलाला लावला आणि जाहीर केले की सर लोखंडाचे आहेत.

निष्कर्ष चूक, पण पद्धतीत दोष काढता येत नाही. तसे मी तिला बोललो नाही.

क्रमांक १९ कशालाच हात लावत नाही. ती रुमाल घेऊन दोन हात लांब उभी राहते. तिचे वडील दातांचे डॉक्टर आहेत. "सगळ्याला जंतू असतात," असे तिने मला सांगितले. वैज्ञानिकदृष्ट्या बरोबर आहे. वर्गात आतापर्यंत तीच एक शिस्तीची.

सोमवार, १० फेब्रुवारी

अळ्या हिरव्या झाल्या. शुक्रवारपर्यंत विष्ठेसारख्या होत्या, आज पानासारख्या. मुलांचे म्हणणे, जुन्या कुणीतरी चोरल्या आणि नव्या ठेवल्या. उपलब्ध पुराव्यावरून ही शक्यता नाकारता येत नाही. मी नाकारली.

क्रमांक ७ ने जाळीखालून काडी घालून एकीला डिवचले. अळीने डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगे बाहेर काढली आणि वास सोडला. बावीस मुलांनी रांगेने वास घेतला. क्रमांक १९ म्हणाली, "मला इथूनच येतोय."

घरी मुलीने विचारले, "वास कसा होता?"

"सेंद्रिय आम्लाचा."

"तसं नाही बाबा. मुलं काय म्हणाली, कसा होता?"

मी ते टिपले नव्हते. ती भिंतीकडे बघत राहिली. पाय दुखत असावा.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मुलांना अळीचे चित्र काढायला सांगितले. तेवीस मुलांनी जाळीचे चित्र काढले. विचारले तर म्हणाली, तीच दिसते.

म्हणून जाळी काढली, घडी करून टेबलाच्या खणात ठेवली. चित्रे लगेच सुधारली. मुलीच्या सूचनांमध्ये विचार कमी आणि माया जास्त आहे, असे माझे मत होत चालले आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

अळ्यांनी खाणे थांबवले आहे. कोश करण्याची तयारी असावी.

क्रमांक ७ म्हणाली, "सर, अळीच्या पाठीवर डास बसलाय."

"डास अळीवर बसत नाहीत."

"पण बसलाय."

"तुला भास झाला."

चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे मला तिथे काही दिसले नाही. वर्गाच्या निरीक्षणवहीत नोंद घेतली नाही. चुकीचे निरीक्षण कागदावर येऊ द्यायचे नाही हा माझा जुना नियम आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

दोन्ही अळ्यांचे कोश झाले. फांदीला टेकून, कमरेला धाग्याचा एक वेढा. मुले म्हणाली, गाडीत बसल्यावर लावतात तसा पट्टा लावलाय. मी फळ्यावर हिशेब मांडला: साधारण चौदा दिवस, म्हणजे २ मार्चच्या आसपास फुलपाखरू.

क्रमांक ७ ने विचारले, "सर, आत ते झोपलंय का काम करतंय?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

तोंडातून निघून गेले. तेहेतीस वर्षांत वर्गात पहिल्यांदा. मी दाराकडे पाहिले, तिथे कुणी नव्हते. वर्गात गोंधळ झाला नाही. क्रमांक ७ म्हणाली, "मला पण नाही माहीत," आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसली. मग क्रमांक १२ माझ्या शर्टाचे टोक धरायला आला. आम्ही कोशाकडे पाहत बसलो. कोशाने काही केले नाही. तास संपला तेव्हा वाईट वाटले. अभ्यासक्रम पुढे सरकला नाही म्हणून असेल.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

बुडते-तरंगते हा प्रयोग चालू असताना क्रमांक ७ चा दात पडला. तिने तो घमेल्यात टाकला. दात बुडतो. रुमालवालीने (क्रमांक १९) रुमाल पुढे केला आणि दातपडकीने त्याला रक्त पुसले. रुमालवालीने तो रुमाल न बघता परत खिशात ठेवला. नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

शर्टवाला आता रडत नाही. मात्र टोक धरतो. त्यासाठी मी एकच जुना शर्ट लावून धरला आहे. हिने विचारले, रोज तोच का? प्रयोगशाळेत ठरलेला पोशाख असतो, असे सांगितले.

तासानंतर मोठ्या बाईंनी खोलीत बोलावले. तेरा पालकांनी सह्या करून अर्ज दिला आहे. पुढच्या वर्षी मुले मोठ्या शाळेत जाणार, तिथे लिहिता येते का ते बघतात. तेव्हा चिखल-पाण्याचा तास बंद करून तिथे लेखनाचा तास ठेवावा. ८ मार्चला पालकसभा. तिथे ठरेल.

"तास बंद झाला तर ताई राहायची नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. शाळेत मुलीला ताई म्हणतात. "मी तिला ओळखते. सर, सभेत त्यांना काहीतरी दिसलं पाहिजे. डोळ्यांसमोर कोश उघडला आणि फुलपाखरू निघालं ना, की सह्या आपोआप मागे."

घरी सांगितले. मुलगी म्हणाली, "चार वर्षं लागलीत बाबा त्या टेबलाला." मग म्हणाली, "कोश कसे आहेत?"

"हिशेबाप्रमाणे."

सोमवार, ३ मार्च

एक कोश रिकामा. फुलपाखरू काल, रविवारी, शाळा बंद असताना निघून खिडकीतून गेले. मी फळ्यावर २ मार्च लिहिले होते. वार पाहिला नव्हता.

मला वाटले मुले हिरमुसतील. ती रिकाम्या टरफलावर तुटून पडली. कुठून फाटले, आत काय राहिले, खाली तांबडा डाग कसला. दातपडकी म्हणाली, "जाताना शी करून गेलं." भिंगाने पाहिले. तिचे म्हणणे बरोबर आहे. वहीत तिच्याच शब्दांत लिहिले.

दुसरा कोश तपकिरी पडला आहे. स्पर्श केला तर हलत नाही. पहिला हलत असे. तोही न सांगता जाऊ नये म्हणून त्या फांदीवर मावशींकडून एक मोठी काचेची बरणी घेऊन पालथी घातली, खाली कापड गुंडाळले.

गुरुवार, ६ मार्च

सकाळी वर्गात शिरलो तेव्हा मुले बरणीभोवती होती आणि कुणीही बोलत नव्हते. तेवीस मुले एकत्र गप्प असणे हे मी या वर्गात प्रथमच पाहिले.

कोशाला टाचणीने टोचल्यासारखी दोन भोके पडलेली. बरणीत इवलेसे काळे-हिरवे कीटक, चमकणारे, तिळाएवढे. मी मोजले, एक्केचाळीस. मुलांनी मोजले, एकोणतीस. त्यांना त्यापुढे मोजता येत नाही. भोकातून आणखी एक बाहेर येत होता. आधी डोके, मग थांबला, मग सगळा.

दातपडकी म्हणाली, "हेच ते डास. पाठीवर बसलेले."

मी पाच मिनिटे आधी तास संपवला.

घरी जुनी पुस्तके काढली. या चिमुकल्या गांधीलमाश्या असतात. मादी अळीच्या पाठीवर बसून वाट पाहते. अळीने कोश केला आणि तो अजून मऊ आहे तोवर त्याला भोक पाडून आत अंडी घालते. पिल्ले कोशातल्या जिवावर वाढतात. फुलपाखरू होत नाही. उपाय एकच सांगितला आहे: रोपावर बारीक जाळी ठेवावी.

जाळी मी काढली.

दुपारी मोठ्या बाईंना सांगितले. त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. पण त्या बाईंचे डोके चालते. शाळेसमोर रोपवाटिका आहे. त्यांनी मालकाला बोलावले, विचारले. त्याच्या लिंबावर एक कोश होता, काळपट झालेला, आतले पंख बाहेरून दिसणारा. आज-उद्या-परवात निघेल असा.

"सर, ही बरणी मागे नेऊन उलटी करा. हा कोश फांदीला बांधा. परवा पालक येतील तेव्हा काम फत्ते."

"मुलांनी पाहिलं आहे."

"पाच वर्षांची आहेत हो. त्यांना काय कळतंय?"

मी हो म्हणालो. कोश काडीसह चष्म्याच्या घरात ठेवून आणला. चष्मा खिशात.

शुक्रवार, ७ मार्च

मुलीला चष्म्याचे घर उघडून दाखवले.

"हा कुठला?"

"रोपवाटिकेतला."

"आणि आपला?"

सांगितले. जाळीचेही सांगितले. जाळीबद्दल ती काहीच बोलली नाही. मला वाटले होते, बोलेल.

"मग उद्या हा लावणार?"

"मोठ्या बाईंचं तसं म्हणणं आहे. तुझ्या टेबलाचा प्रश्न आहे."

"मुलांनी बरणी बघितलीय ना पण."

"मुलं विसरतात."

तिने थोडा वेळ प्लास्टरवर नखाने रेघा मारल्या. मग म्हणाली, "बाबा, नववीतलं प्रात्यक्षिक आठवतं? हायड्रोजनचं?"

"दर वर्षी असायचं. जळती काडी नळीच्या तोंडाशी नेली की फट् असा आवाज होतो."

"माझ्या नळीत झाला नव्हता. मी तसं लिहिलं, आवाज आला नाही. तुम्ही मला पाचपैकी दोन दिलेत. बाकी सगळ्यांनी 'फट् असा आवाज झाला' लिहिलं, त्यांना पाच."

"अपेक्षित निष्कर्ष तोच होता."

"कुणाचाच आवाज आला नव्हता बाबा. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतं. मग पुढे कॉलेजात प्रत्येक प्रयोगाला मी आधी शेजारणीच्या वहीत बघायचे. तशीच दुसरी आले."

मी म्हणालो, "बुचं जुनी होती. वायू गळत होता. त्या वर्षी नवी बुचं आलीच नाहीत."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

ती पायाखाली उशी हवी म्हणाली. मी ठेवली. ती "थँक यू" म्हणाली. आमच्या घरात कुणी कुणाला थँक यू म्हणत नाही.

रोपवाटिका साडेसहाला बंद होते. मी पोहोचलो तेव्हा मालक कुलूप लावत होता. चष्म्याचे घर पाहून म्हणाला, "काय सर, नापसंत?"

"नाही. चांगला आहे. पण आमचा नाही."

त्याने पुन्हा कुलूप काढले. काडी कुठल्या फांदीची, ते आम्ही दोघांनी बराच वेळ शोधले.

शनिवार, ८ मार्च

पालकसभा. अठरा पालक, लहान खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला. मुले पुढे जमिनीवर. टेबलावर बरणी होती. मोठ्या बाईंनी ती पाहिली, मग मला पाहिले, मग डोळे मिटून घेतले. तरी सभा सुरू केली.

मी भाषण लिहून नेले होते, चार पाने. पहिले पान वाचत असताना दातांचे डॉक्टर उठले. अर्ज त्यांच्याच अक्षरात आहे.

"सर, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. सभेच्या पत्रात लिहिलं होतं फुलपाखरू. हे काय आहे?"

"गांधीलमाश्या. कोशातून या निघाल्या. त्यांनी फुलपाखरू आतून खाल्लं."

मागे एक आई "अगं बाई" म्हणाली.

"आणि हे तुम्ही पाच वर्षांच्या मुलांना दाखवलंत?"

"मी नाही दाखवलं. त्यांनी पाहिलं. मी नंतर पोहोचलो."

त्यावर दातपडकी उभी राहिली. तिला कुणी उभे केले नव्हते. "मी सरांना आधीच सांगितलं होतं. अळीवर डास बसलाय म्हणून. सर म्हणाले, भास झाला."

तेवीस मुले, अठरा पालक, मोठ्या बाई, मावशी. त्रेचाळीस माणसे माझ्याकडे पाहत होती. चार पानांत यावर काही नव्हते.

मी म्हणालो, "तिचं बरोबर होतं. तो डास नव्हता, पण बसलेला होता. मी चष्मा न लावता तिला खोटं ठरवलं. आणि रोपावर जाळी होती, ती मी काढली. ताईंनी लिहून ठेवलं होतं, काढू नका. काढली म्हणून हे आत आले. चूक टेबलाची नाही."

बसायला जागा नव्हती म्हणून उभा राहिलो.

ती मागची आई म्हणाली, "म्हणजे ते बिचारं मेलं?"

"हो," शर्टवाला म्हणाला. त्याच्या हातात माझे टोक होते. "एक मेलं. एक उडालं. आणि हे एकोणतीस."

मग रुमालवाली उठली. बरणीपाशी गेली आणि काचेला नाक लावले. काच धुरकटली तशी तिने रुमाल काढून ती पुसली, आणि पुन्हा नाक लावले. "बाबा, इकडे या ना. हिरवे चमकतात."

"तिथूनच बघ, बाळा."

"तिथून दिसत नाहीत."

डॉक्टर आले. वाकले. बराच वेळ वाकलेले होते. भिंग मागितले, ते दोरीने टेबलाला बांधलेले असल्याने त्यांना गुडघ्यांवर बसावे लागले. "पंख चार दिसतायत," ते म्हणाले, कुणालाच उद्देशून नाही. मग आणखी सहा-सात पालक आले आणि रांग करावी लागली. मावशी म्हणाल्या, "ढकलू नका, सगळ्यांना मिळणार." त्या हे रोज म्हणतात.

डॉक्टरांनी सही मागे घेतली नाही. भाषणाची तीन पाने वाचायची राहिली.

सोमवार, १० मार्च

मोठ्या बाईंनी निकाल सांगितला. तेरांपैकी चौघांनी सह्या मागे घेतल्या. सभेनंतर दोन नवीन आल्या. एकूण अकरा. म्हणून आठवड्यातले दोन दिवस लेखन, तीन दिवस निसर्ग. टेबल आहे तिथेच राहील.

"तीन तर तीन," त्या म्हणाल्या. "आणि सर, तुमच्यासारखा माणूस मी पाहिला नाही." हे कौतुक आहे की कसे, ते विचारायचे राहिले.

तासाला बरणी व्हरांड्यात नेऊन उघडली. जिवंत होते ते उडाले. कुठे गेले, माहीत नाही. मुलांनी टाटा केला. रोपावर जाळी पुन्हा घातली. आत सध्या काही नाही. शर्टवाल्याने विचारले, मग जाळी कशाला? येईल त्याच्यासाठी, असे सांगितले.

घरी मुलगी म्हणाली, "मोठ्या बाईंचा फोन आला होता."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तुझ्या बाबांनी सभेची पार वाट लावली." मग म्हणाली, "तीन दिवस पुष्कळ आहेत बाबा. मला वाटलं होतं, एकही उरणार नाही."

मी खिडकीची कडी लावली. ती नीट लागली नाही म्हणून पुन्हा लावली. मग म्हणालो, "ते तीन गुण द्यायला हवे होते."

"कुठले?"

"नववीतले."

"राहू द्या हो बाबा. आता कुठे चढवणार? गुणपत्रिका आईनं माळ्यावर टाकलीय." आणि ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. पाय हलल्यामुळे कळ आली असावी, असे मला आधी वाटले. मग तिने माझा हात धरला आणि सोडला नाही, तेव्हा ते कारण नसावे असे वाटले.

हिने आतून विचारले, काय झालं? आम्ही दोघे एकदमच म्हणालो, काही नाही.

सोमवार, १७ मार्च

शनिवारी प्लास्टर निघाले. काठी घेऊन चालते. बुधवारपासून ती शाळेत जाणार, त्यामुळे आज माझा शेवटचा तास. मुलांना तसे सांगितले. कुणावर फारसा परिणाम दिसला नाही. पावट्याच्या दाण्याला पान आले होते, त्या गडबडीत होती.

संध्याकाळी निरीक्षणवही मुलीच्या स्वाधीन केली. तिने ती पहिल्यापासून वाचली. मी समोर बसून होतो. दहावीचे पेपर तपासताना समोर कुणी बसलेले मला चालत नसे. आज कळले की समोर बसणाऱ्यालाही ते सोपे नसते.

"शेवटी शेवटी तुम्ही फार छान लिहिलंयत," ती म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, बुधवारी याल? मला अजून जड उचलता येत नाही."

वेळापत्रक पाहून सांगतो, असे मी म्हणालो.

"कसलं वेळापत्रक?" ही आतून म्हणाली.

बुधवार, १९ मार्च

मुलीला सोडायला शाळेत गेलो. फाटकापासून परतायचे ठरले होते. ती काठी टेकत पायऱ्या चढली, मुलांनी तिला घेरले आणि आत नेले. त्यांच्या आवाजावरून सगळे एकाच वेळी सगळे सांगत होते. मी थांबण्याचे कारण नव्हते.

वळलो तर समोर शर्टवाला (क्रमांक १२), उशिरा येणारा. आई फाटकातून परत गेली होती आणि त्याचे तिकडे लक्ष नव्हते. दोन्ही मुठी एकावर एक धरून, जपत, तो माझ्यापर्यंत आला आणि म्हणाला, "सर, मी काहीतरी आणलंय. कुणालाच दाखवलं नाहीये अजून."

पायरीवर बसलो. चष्मा लावला. त्याने एकेक बोट करत मूठ उघडली.

दगड होता. अर्धा तास पाहिला.